चाळीस फ्रेम

तिसऱ्या चंद्रावर जे युद्ध चालतं
त्यातल्या तलवारी उजेडाच्या.
मीच केलेल्या. तासगावात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत,
की-बोर्डवर रोज पांढरी साय धरते तिथं.
बटण दाबलं की सपकन निळी रेघ,
पुन्हा दाबलं की पुन्हा.
माणसं गवतासारखी आडवी व्हायची
आणि कुणालाच दम लागायचा नाही.

बाबालाल शिकलगार खाली कात्र्यांना धार लावत होते.
सायकल स्टँडवर, पॅडलवर पाय, चाक फिरतंय,
ठिणग्या गिरणीच्या पायरीपर्यंत.
त्यांच्या आडनावातच तलवारी आहेत.
घरात एकच उरलीय, पट्टा,
गोधडीत गुंडाळलेला, उरुसाला तेवढा बाहेर निघतो.

मी लॅपटॉप दाखवला.
बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले,
"झ्याक हाय. पर ह्येला वजन कुटं हाय?"
उजेडाला वजन नसतं, चाचा.
"मग धरणाऱ्याला भ्या कशाचं वाटायचं?"

बेदाण्याच्या शेडमागं, दुपारी.
त्यांच्या कोपराला, खांद्याला, कमरेला
मी सेन्सर बांधले, रबरी पट्ट्यांनी.
"बैलाला घुंगरं बांधत्यात तसं," म्हणून हसले.
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आता,
म्हणून पट्टा डाव्या हातात.
"मनगट इसर. ह्यात हात घातला की मनगट कैदेत.
वळायचं ते कमरंनं.
लिंबू कापायचं जत्रंत दाव, हितं नगं.
जवळ आल्याला माणूस पट्ट्याला घावत न्हाई,
त्येला लांबच ठिव.
आन् एक ध्येनात धर,
चुकल्याला वार मालकाला वढून न्हेतोय."

हे शेवटचं मी जसंच्या तसं कोडात लिहिलं.
वार हुकला तर पात्याबरोबर देह दोन पावलं पुढं,
पाठ उघडी,
श्वासाची पट्टी अर्ध्यावर.
तीन महिने गेले. बेदाणा वाळला, पेट्यांत भरला, गेला.
निळ्या रेघेला आता मागं शेपूट आहे, ओढ आहे,
उचलताना खांदा आधी कुरकुरतो.

इचलकरंजीहून स्वरूपचा फोन:
सगळे मरतायत गं, पहिल्याच पुलावर.
मरू देत.
आणि तो सुरुवातीला खाली का वाकतो?
चाळीस फ्रेम फुकट जातात. बग आहे तो. काप.

बग नव्हता.
पहिल्या वाराआधी बाबालाल वाकले होते,
बोटांची टोकं मातीला,
मग डोळ्यांना.
मी रेकॉर्डिंग आधीच चालू केलेलं.

कापून बघितलं.
तर पहिलं पाऊल चुकीच्या जागी पडायला लागलं,
कमर रिकामी, वार वरवरचा.
त्या वाकण्यातूनच भार पायात उतरत होता.
परत जोडलं, रात्री दोनला,
गिरणी बंद असताना.

आता तिसऱ्या चंद्रावर सगळं सैन्य वाकतं.
जांभळी माती, फुकट मिळालेल्या फाइलीतली,
तिला हजार चिलखतांची बोटं लागतात.
तेवढ्यात शत्रूनं वार करू नये
असा नियम मी लिहिलेला नाही.

पहिल्या रात्रीची नोंद उघडली.
त्या चाळीस फ्रेममध्ये झालेले वार: दोनशे तीन.
थांबलेला: एक.
नाव बघितलं, नुसते आकडे होते.
तो पुढच्याच मिनिटाला मेला, पुलावर,
वार हुकून.

खाली सायकल लागल्याचा आवाज आला.
"धाऽऽर लावायची का, धार?"
घरात बोथट असं काही नव्हतं.
तरी विळी घेऊन मी जिना उतरले.
त्यांनी ती हातात धरली,
पात्यावर नाही, मध्येच कुठंतरी बोट ठेवून तोलली,
आणि विचारलं,
"आलं का वजन?"